जनाजा म्हणजे गाडी नव्हे



इंग्रजीच्या तासाला 'हर्स' हा शब्द आला आणि मी फळ्यावर 'शववाहिका' असा अर्थ लिहिला. एका मुलाने विचारले, "सर, म्हणजे जनाजाच ना?" मी 'हो' म्हणून मोकळा झालो. उत्तर चुकले होते, हे कोश चाळल्यावर उमगले. म्हणून हा लेखप्रपंच.

हर्स हे मुळात दाताळे! लॅटिनमधील 'हिर्पेक्स' म्हणजे शेतातले दातेरी अवजार. फ्रेंचमध्ये त्याचे 'हेर्स' झाले. मध्ययुगीन चर्चमध्ये शवपेटीवर मेणबत्त्या खोचण्याची खिळ्यांची चौकट असे. ती दाताळ्यासारखी दिसे, म्हणून तिलाही तेच नाव पडले. सतराव्या शतकात ते प्रेत नेणाऱ्या गाडीला चिकटले. (स्नेहसंमेलनाची 'रिहर्सल'सुद्धा याच घरातली : पुन्हा दाताळे फिरवणे!)

जनाजा हा शब्द अरबी कोशकार 'झाकणे' या अर्थाच्या धातूशी जोडतात. तिरडीवर मय्यत असेल तरच तो जनाजा. रिकामी असेल तर ती नुसती 'सरीर', म्हणजे पलंग, असे त्यांच्यापैकी काहींनी नोंदवले आहे. तेव्हा हे नाव वाहनाचे नाही, त्यावरच्या माणसामुळे मिळालेले आहे.

तिरडीला अरबीत 'नअश' असाही शब्द आहे. आपल्या सप्तर्षींना अरब 'बनात नअश', तिरडीच्या मुली, म्हणत. चौकोनाचे चार तारे ही तिरडी, आणि शेपटीचे तीन तारे म्हणजे तिच्यामागून चालणाऱ्या मुली. शेवटचा तारा, आपला मरीची, तारानकाशांत 'अल्काइद' म्हणजे म्होरक्या या अरबी नावानेच ओळखला जातो.

आमचे आजोबा शहरात वारले. कब्रस्तान लांब, म्हणून गाडी बोलावली होती. गर्दीत आम्ही दोघे भाऊ मागे राहिलो, गाडी निघून गेली. रिक्षाने पोहोचलो तेव्हा माती देणे सुरू झाले होते. खांदा द्यायचा राहिला तो राहिलाच. गाडीला मी दोष देत नाही. मैलोन्‌मैल खांद्यावर कोण नेणार? पण 'जनाजा गेला' असे कोणी म्हटले की मला ती गाडी आठवत नाही, तिच्यामागे रिकामा झालेला रस्ता आठवतो.

त्या मुलाला मी उत्तर दुरुस्त करून दिले आहे. एप्रिल-मेमध्ये रात्री नऊच्या सुमारास अंगणातून उत्तरेकडे पाहा. अल्लीपूरच्या आभाळात ती तिरडी आणि त्या तिघी सहज दिसतात.