वेळूचा ऑर्गन : एका जीर्णोद्धाराचा विचार

मराठी वाचकाला ‘ऑर्गन’ म्हटले की संगीत नाटकाचा रंगमंच आठवतो. नाट्यपदांना साथ करणारा तो ऑर्गन पायभात्याचा. त्याचा स्वर धातूच्या पातळ पत्त्यांच्या कंपनातून निघतो. चर्चमधील मोठ्या ऑर्गनचे कूळ निराळे. त्यात भात्याची हवा लहानमोठ्या नळ्यांत शिरते आणि त्यांतील बहुतेक नळ्या बासरीच्या तत्त्वावर बोलू लागतात. अशाच एका ऑर्गनच्या जीर्णोद्धाराची हकीकत आम्हांला येथे सांगावयाची आहे.

फिलिपीन्समध्ये मनिलालगतच्या लास पिन्यास या गावी दिएगो सेरा या स्पॅनिश धर्मगुरूने १८१६ मध्ये ऑर्गन बांधावयास घेतला. तो १८२४ मध्ये पूर्ण झाला. त्याच्या १,०३१ नळ्यांपैकी ९०२ नळ्या वेळूच्या आहेत. कीड लागू नये म्हणून वेळू आधी समुद्रकाठच्या वाळूत पुरून ठेवले होते, असे सांगतात. तुतारीसारख्या प्रखर नादाच्या नळ्या मात्र धातूच्या. रचना स्पॅनिश वळणाची, द्रव्य तेथल्या मातीतले, असे हे वाद्य होय.

भूकंप आणि वादळे यांनी पुढे ते खिळखिळे झाले. अखेर १९७३ मध्ये ते जर्मनीतील बॉन येथे, योहानेस क्लाइस यांच्या नावाने चालणाऱ्या कार्यशाळेत नेण्यात आले. तेथे वेगळाच प्रश्न उभा राहिला. वेळू हवेतला दमटपणा शोषतो आणि कोरड्या हवेत आक्रसून तडकतो. तेव्हा कारागिरांनी फिलिपीन्सच्या उष्ण-दमट हवेची एक खोलीच तयार केली आणि तीत हे काम केले. वाद्याबरोबर त्याची हवाही परदेशी न्यावी लागली! १९७५ मध्ये ऑर्गन परतला, तोवर चर्चचीही डागडुजी झाली होती. १९७६ पासून तेथे ऑर्गनचा संगीत महोत्सव भरू लागला. २००३ मध्ये त्याला राष्ट्रीय सांस्कृतिक ठेव्याचा दर्जा मिळाला.

जीर्णोद्धार म्हणजे केवळ मोडलेले सांधणे नव्हे, हे येथे ध्यानात येते. जुन्या पोथीचा पाठ सिद्ध करणाऱ्या संपादकालाही ती पोथी ज्या भाषेच्या हवेत लिहिली गेली ती हवा आधी ओळखावी लागते. अन्यथा शुद्धीकरणाच्या नावाखाली आपल्याच काळाची भाषा तिच्यावर लादली जाते.

तरीही एक शंका उरते. घडविणारा परका, दुरुस्त करणारेही परके. मग वाद्य कोणाचे? या शंकेचे उत्तर पुढच्या काळाने दिले, असे आम्हांला वाटते. लास पिन्यासमध्येच पुढे सेरा यांचे नाव धारण करणारी, ऑर्गन बांधणारी व दुरुस्त करणारी कार्यशाळा उभी राहिली. वाद्य १९७५ मध्ये घरी आले होते. त्याची विद्या घरी आली तेव्हाच, आमच्या मते, जीर्णोद्धार पुरा झाला.