पाच स्टार पोरं घेतली म्हणजे ट्रॉफी पक्की? अमेरिकन कॉलेज फुटबॉलचं गणित

अमेरिकेत शाळेत फुटबॉल खेळणाऱ्या पोरांना '२४७स्पोर्ट्स', 'ईएसपीएन' अशा साइट्स स्टार देतात. पाच स्टार अगदी मोजक्यांना. '२४७स्पोर्ट्स' तर साधारण ३२ जणांनाच देते, कारण एनएफएल ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत ३२ जण निवडले जातात. कोणत्या कॉलेजने किती भारी पोरं घेतली, यावरून मग दरवर्षी कॉलेजांचं रँकिंग लागतं.

ते खरं ठरतं का? बऱ्यापैकी. पत्रकार बड इलियट यांनी 'ब्लू-चिप रेशो' मांडला: मागच्या चार वर्षांत घेतलेल्या पोरांपैकी निम्म्याहून जास्त चार-पाच स्टारवाली हवीत. बराच काळ राष्ट्रीय विजेते याच गटातून आले. २०२२ च्या हंगामात गटाबाहेरची टीसीयू फायनलला पोचली, पण तिथे जॉर्जियाने तिला ६५-७ असं धुतलं.

आता उलटी बाजू. २०२२ मध्येच टेक्सास ए अँड एमने देशात पहिल्या नंबरची भरती केली आणि त्याच हंगामात १२ पैकी ७ सामने गमावले. नवी पोरं १८ वर्षांची, समोरचे २१-२२ चे; शिवाय क्वार्टरबॅक चालला नाही तर बाकीचे स्टार काय करणार!

आणि जॉश अ‍ॅलन? शाळा संपली तेव्हा त्याला एकाही मोठ्या कॉलेजने विचारलं नव्हतं. २०१८ च्या ड्राफ्टमध्ये तो सातव्या क्रमांकावर निवडला गेला.