लोकरी मावा आणि सफरचंदाचा खुंट

अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडातील सफरचंदाच्या झाडांवर पांढऱ्या लोकरीसारखी पुटे धरणारा एक मावा दिसू लागला. तेथील बागाईतदारांनी त्यास ‘अमेरिकन ब्लाइट’ असे नाव दिले. किडीला परक्या देशाचे नाव देण्याची ही प्रवृत्ती पुष्कळ भाषांत आढळते. जर्मन भाषेने मात्र किडा चिरडला असता निघणारा तांबडा रस लक्षात घेऊन त्यास ‘ब्लुटलाउस’, म्हणजे रक्ताची ऊ, म्हटले. हाउसमान याने १८०२ मध्ये या किडीचे शास्त्रीय वर्णन केले. ‘एरिओसोमा लॅनिजेरम’ हे नाव पुढे रूढ झाले. त्यातील ग्रीक पद ‘लोकरी अंगाचा’ असे सांगते आणि लॅटिन पद ‘लोकर धारण करणारा’ असे. एकच गोष्ट दोन भाषांत दोनदा! (महाराष्ट्रात २००२ मध्ये उसावर पसरलेला लोकरी मावा निराळ्या प्रजातीचा होय.)

हा मावा फांद्यांप्रमाणेच मुळांवरही राहतो. रस शोषला गेल्याने तेथे गाठी धरतात, आणि जमिनीखालील किडीपर्यंत फवारा पोहोचत नाही. म्हणून झाडाच्या अंगच्या प्रतिकारशक्तीस येथे विशेष मोल आले. जॉर्ज लिंडली याने १८३१ मध्ये ‘विंटर मॅजेटिन’ या वाणाच्या एका झाडाची हकीकत नोंदविली: कलमाच्या सांध्याखाली मावा होता, वर तो चढला नव्हता. हे निरीक्षण प्रयोगशाळेतले नव्हे, बागेतले होते, आणि त्यातच पुढील सर्व संशोधनाचे बीज होते.

खरा उपयोग झाला तो ‘नॉर्दर्न स्पाय’ या वाणाचा. न्यूयॉर्क राज्यातील ईस्ट ब्लूमफील्ड येथे १८०० च्या सुमारास उगवलेल्या या झाडाच्या मुळांवर मावा टिकत नाही, असे दिसून आले. तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथे त्याचे खुंट लावून त्यांवर इतर वाणांची कलमे बांधण्यात येऊ लागली. ज्या देशाच्या माथी किडीचा दोष मारला होता, तिचा उतारही तेथूनच आला. पुढे इंग्लंडातील मर्टन व ईस्ट मॉलिंग येथील संस्थांनी या वाणाचा संकर करून ‘एमएम’ मालिकेचे खुंट सिद्ध केले. त्यांपैकी एमएम १०६ आणि एमएम १११ हिमाचल प्रदेशातील बागांतही आहेत.

रेजिनाल्ड पेंटर याने १९५१ च्या ग्रंथात अशा प्रतिकाराचे तीन प्रकार सांगितले: किडीला झाड न रुचणे, रुचले तरी तिची वाढ खुंटणे, आणि झाडाने इजा सोसणे. परंतु कीडही बदलते. नॉर्दर्न स्पायचा प्रतिकार मुख्यतः ‘ईआर-१’ या एकाच जनुकावर अवलंबून आहे, आणि त्यास न जुमानणारा मावा दक्षिण आफ्रिकेत व ऑस्ट्रेलियात आढळला. त्यामुळे ‘रोबस्टा ५’ या दुसऱ्या झाडातील ‘ईआर-२’ जनुकाकडे संशोधक वळले. रोबस्टा ५ पासून निपजलेला ‘जिनीव्हा ४१’ हा मावाप्रतिकारक खुंट न्यूयॉर्क राज्यातील जिनीव्हा येथे तयार झाला; ईस्ट ब्लूमफील्ड तेथून दूर नाही.