पत्रा बेतण्याचे गणित

१/ शिंपी कात्री चालवण्यापूर्वी कापड बेतून घेतो. बाही कोठे बसेल, गळ्याचा तुकडा कोणत्या कोपऱ्यात सामावेल, हे त्याची नजर ठरवते. सोव्हिएत रशियात हाच प्रश्न पोलादी पत्र्याबाबत गणिताने सोडवला गेला. त्या गणिताने वाया जाणारे पोलाद वाचवले आणि त्याच्या कर्त्याला अडचणीतही आणले.

२/ १९३८, लेनिनग्राड. प्लायवूड उद्योगातून एक प्रश्न आला : निरनिराळ्या यंत्रांवर निरनिराळ्या प्रकारचे लाकूड कसे वाटावे, म्हणजे उत्पादन सर्वाधिक होईल? तो सोडवला लिओनिद कांतोरोविच या २६ वर्षांच्या प्राध्यापकाने. १९३९ मध्ये त्यांची पुस्तिका निघाली. कापकामातील नासाडी कमी करण्याचा प्रश्नही तिच्यात होता. डँटझिग यांची सिम्प्लेक्स पद्धत त्यानंतर ८ वर्षांनी आली.

३/ एक साधे उदाहरण घेऊ. सळया १० मीटरच्या आहेत. ४ मीटरचे १०० आणि ३ मीटरचे १०० तुकडे हवे आहेत. दोन्ही वेगवेगळे कापले तर ५० + ३४ = ८४ सळया लागतात. पण ५० सळया ४+३+३ अशा आणि २५ सळया ४+४ अशा कापल्या, तर ७५ सळयांतच काम भागते. याहून कमी सळयांत ते होणे शक्य नाही.

४/ पुरावा? ४ मीटरच्या तुकड्याची किंमत अर्धी सळई आणि ३ मीटरच्या तुकड्याची पाव सळई माना. कशीही कापा, एका सळईतून एका सळईहून अधिक किमतीचे तुकडे निघत नाहीत; आणि मागणीची एकूण किंमत ५० + २५ = ७५ भरते. लक्षात घ्या, लांबीचे प्रमाण ४:३ आहे, किमतीचे मात्र २:१. अशा किमतींना कांतोरोविच 'निर्णायक गुणक' म्हणत.

५/ वेड्यावाकड्या आकारांत आधी भूमिती येते. एका भागाचा फुगवटा दुसऱ्याच्या खोबणीत बसवून पत्र्यावरच्या मांडण्या शोधायच्या. मग कोणत्या मांडणीने किती पत्रे कापायचे, ते वरच्याच हिशेबाने ठरवायचे.

६/ १९४८ ते १९५० या काळात लेनिनग्राडच्या येगोरोव रेल्वे-डबे कारखान्यात भूमितिज्ञ व्हिक्टर झालगालर यांच्या देखरेखीखाली हे प्रत्यक्षात उतरले. पोलाद वाचले. १९५१ मध्ये दोघांनी या विषयावर पुस्तक लिहिले.

७/ याबद्दल एक किस्सा सांगितला जातो. कारखान्याला भंगार जमा करण्याचेही सरकारी उद्दिष्ट होते. कातरण घटली, भंगार कमी पडले आणि व्यवस्थापनाला जाब विचारला गेला! तपशील कितीही रंगवलेला असो, उद्दिष्टांच्या आकड्यांवर चालणाऱ्या व्यवस्थेचा स्वभाव त्यात अचूक उतरला आहे.

८/ खरा धोका त्या गुणकांत होता. अधिकृत मार्क्सवादी सिद्धान्तानुसार वस्तूचे मूल्य तिच्यातील श्रमातून ठरते. हे गणित मात्र मूल्य टंचाईवरून आणि मागणीवरून काढत होते. कांतोरोविच यांनी हा विचार देशाच्या अर्थव्यवस्थेला लावून १९४२ मध्ये ग्रंथ लिहिला. तो प्रसिद्ध व्हायला १९५९ साल उजाडले.

९/ १९७५ मध्ये त्यांना त्जालिंग कूपमन्स यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. ज्या राज्याने नियोजनाला धर्म मानले, त्याच राज्यात नियोजनाच्या सर्वोत्तम साधनाला १७ वर्षे छापखान्याची वाट पाहावी लागली. पोलादाची नासाडी मोजता आली. या १७ वर्षांची कशी मोजणार?