सागरी कार्बन-निरीक्षण : पांढुर्णा–सौंसर परिसर

किनाऱ्याजवळच्या आणि खोल समुद्राच्या पाण्यात कार्बन किती येतो, कोणत्या रूपात राहतो आणि किती हवेत परततो, याची वर्षानुवर्षे केलेली मोजदाद म्हणजे सागरी कार्बन-निरीक्षण. माणसाने हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा सुमारे चौथा हिस्सा समुद्र शोषून घेतो. म्हणून या मोजदादीशिवाय हवामानाचा कोणताही हिशेब पुरा होत नाही. 2023 मध्ये छिंदवाड्यातून वेगळा झालेला पांढुर्णा जिल्हा समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत आहे; तरी या विषयात त्याला जागा आहे, ती पाण्यामुळे. पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामधून वाहणारी जाम कन्हानला मिळते आणि कन्हान वैनगंगेला. वैनगंगा आणि वर्धा एकत्र येऊन प्राणहिता होते, ती सिरोंच्याजवळ गोदावरीत शिरते आणि इथला पाऊस शेवटी बंगालच्या उपसागरात पोचतो. नदीने आणलेल्या कार्बनचा उगम ठाऊक नसेल, तर मुखाशी घेतलेल्या आकड्यांचा अर्थ अर्धाच लागतो.

हा उगम खडकात आहे, आणि या बाबतीत हा परिसर फार मोलाचा आहे. जवळजवळ शेजारी-शेजारी इथे दोन अगदी वेगळ्या जातींचे खडक भेटतात. एक दख्खनचा काळा बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. दुसरा त्याहून कितीतरी जुना सौंसर खडकसमूह, जो मँगनीजसाठी ओळखला जातो आणि ज्यात संगमरवर व डोलोमाइटचे थर आहेत. मातीतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून दोन्ही खडकांना झिजवतो आणि नदीत बायकार्बोनेट उतरते. बेसाल्ट झिजतो तेव्हा त्या बायकार्बोनेटमधला सगळा कार्बन हवेतून आलेला असतो. संगमरवर झिजतो तेव्हा अर्धा हवेतला, अर्धा दगडातला. पुढे समुद्रात शंख-शिंपल्यांचे कॅल्शियम कार्बोनेट तयार होताना अर्धा कार्बन घट्ट बसतो आणि अर्धा पुन्हा सुटतो. हीच क्रिया घरातही दिसते. बोअरचे जड पाणी तापवले की हंड्याच्या तळाशी पांढरा थर धरतो आणि त्याच वेळी कार्बन डायऑक्साइड निसटतो. परिणामी दीर्घकाळात संगमरवराचा जमाखर्च शून्यावर येतो, बेसाल्टचा मात्र हवेतून कार्बन काढून घेतो. समुद्रकाठी घेतलेल्या नमुन्यात ही दोन्ही बायकार्बोनेटे एकसारखीच असतात. त्यांना वेगळे करायचे तर वरच्या अंगाला कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, सिलिका आणि कार्बनची समस्थानिके तपासावी लागतात. सेलीन देसेर आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये नर्मदा, तापी व वैनगंगा परिसरातील नद्यांच्या पाण्याच्या रसायनावरून दख्खनच्या झिजेचा अंदाज मांडला, तो याच मार्गाने.

यावर पहिला आक्षेप असा की गोदावरीच्या पसाऱ्यात जामचे पाणी ते किती! वाटा लहान आहे, हे खरेच. पण निरीक्षणाला इथून हवी आहे ती गुणोत्तरे. खडकांची जात स्पष्ट असलेल्या छोट्या खोऱ्यातच ती नीट मिळतात, मोठ्या नदीत सगळे मिसळून जाते. दुसरा आक्षेप धरणांचा. धरणात गाळ अडतो आणि गाळाबरोबर सेंद्रिय कार्बनही अडतो. विरघळलेले बायकार्बोनेट मात्र बहुतांशी पुढे जाते. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. काळ्या मातीत जे चुनखडीचे पांढरे खडे सापडतात आणि ज्यांच्या जास्तीने संत्र्याची पाने पिवळी पडतात, तो नदीत न उतरता वाटेतच बसलेला कार्बन होय. म्हणजे खडक किती झिजला, यावरून समुद्रात किती पोचले हे ठरत नाही. हा आक्षेप मान्य करावाच लागतो, आणि त्यामुळेच वाटेवर ठिकठिकाणी मोजण्याची गरज अधिक पक्की होते.

मुखाशी काय घडते, याचा पुरावा राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या विशाखापट्टणम केंद्रातील व्ही. व्ही. एस. एस. सर्मा आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये दिला. गोदावरीच्या खाडीत कोरड्या महिन्यांत माफक असलेला कार्बन डायऑक्साइडचा दाब पुराच्या भरात कित्येक पटींनी चढतो, कारण पुराबरोबर आलेला सेंद्रिय माल तिथे कुजतो. वर्षाची सरासरी काढण्यासाठी उन्हाळ्यातले चार नमुने पुरत नाहीत, हे यावरून उघड आहे. पूर असताना मोजावे लागते, आणि ते अवघड असले तरी टाळता येत नाही. एकूण क्षारता, विरघळलेला असेंद्रिय कार्बन, पीएच आणि कार्बन डायऑक्साइडचा दाब या चारांपैकी कोणतेही दोन अचूक मिळाले की उरलेले दोन गणिताने निघतात. त्यामुळे नदीवर मोठी प्रयोगशाळा उभारण्याची आवश्यकता नाही. सौंसर तालुक्यात रामाकोना येथे कन्हानवर केंद्रीय जल आयोगाचे मोजणी केंद्र आहे. तिथे पावसाळ्यात प्रवाहाबरोबर क्षारता आणि असेंद्रिय कार्बन नेमाने मोजून ते आकडे गोदावरीच्या मुखाच्या नोंदींशेजारी ठेवायला हवेत.