गाणं नेमकं कोणाचं? एका सोल गाण्याचा इतिहास आणि ‘मूळ’ शोधण्याचा प्रश्न



संशोधनाचा विषय घेतला की आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो: याचं मूळ काय? मूळ प्रत कुठली, मूळ लेखक कोण, पहिल्यांदा कधी झालं? प्रश्न रास्तच आहे. अडचण अशी की उत्तर मिळालं की आपण तिथेच थांबतो आणि नंतरचं सगळं ‘प्रभाव’ नावाच्या एका प्रकरणात कोंबतो. असं केल्याने काय निसटतं, ते आज एका गाण्यावरून पाहू. गाणं आहे ‘ट्राय अ लिटल टेंडरनेस’.

पाश्चात्त्य संगीत ऐकणाऱ्या कुणालाही विचारा, हे गाणं कोणाचं? बहुतेक जण म्हणतील, ओटिस रेडिंगचं. ग्रंथालयाच्या नोंदीत वेगळं उत्तर मिळेल. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, आणि आपला विषय या दोहोंमधल्या फटीत आहे.

आधी साधी कालक्रमाची यादी

कुठल्याही मोठ्या सिद्धांताकडे जायच्या आधी कालक्रम लावा. कंटाळवाणं काम आहे, पण याला पर्याय नाही.

गाणं लिहिलं तिघांनी: इंग्लंडचे जिमी कॅम्पबेल आणि रेज कॉनेली, आणि अमेरिकेचे हॅरी वुड्स. पहिलं रेकॉर्डिंग 8 डिसेंबर 1932 चं. ब्रिटनमधल्या रे नोबल यांच्या ऑर्केस्ट्राचं, गायक व्हाल रॉसिंग. 1933 मध्ये अमेरिकेत रूथ एटिंग आणि बिंग क्रॉस्बी यांनी ते गायलं, चाळीसच्या दशकात फ्रँक सिनात्राने. 1962 मध्ये अरेथा फ्रँकलिनच्या अल्बममध्ये ते आलं. 1964 मध्ये सॅम कुकने न्यूयॉर्कच्या कोपाकबाना क्लबमधल्या कार्यक्रमात इतर गाण्यांना जोडून त्याचा तुकडा गायला. त्याच वर्षी ‘डॉक्टर स्ट्रेंजलव्ह’ सिनेमाच्या सुरुवातीला, विमानांत हवेतल्या हवेत इंधन भरलं जात असताना, याचीच धून वाजते. आणि 1966 मध्ये ओटिस रेडिंग.

म्हणजे ओटिसच्या हातात गाणं आलं तेव्हा ते चौतीस वर्षांचं जुनं होतं. ओटिस स्वतः तेव्हा पंचविशीत. सोल हा प्रकार, म्हणजे चर्चमधलं गॉस्पेल गायन आणि रिदम अँड ब्लूज यांच्या मिश्रणातून आफ्रिकन-अमेरिकन गायकांनी घडवलेलं संगीत, हे गाणं लिहिलं गेलं तेव्हा अस्तित्वातच नव्हता. थोडक्यात, आज ‘क्लासिक सोल बॅलड’ म्हणून ओळखलं जाणारं हे गाणं जन्मतः सोल नाहीच!

ओटिसने नेमकं काय बदललं?

‘ओटिसने गाण्यात जीव ओतला’ हे वाक्य शोधनिबंधात चालत नाही. काय बदललं ते दाखवता आलं पाहिजे.

ओटिसचं रेकॉर्डिंग मेम्फिसच्या स्टॅक्स कंपनीचं. स्टुडिओ म्हणजे एक जुनं सिनेमा थिएटर. साथीला बुकर टी. अँड द एम.जी.ज. त्यातले बुकर टी. जोन्स आणि ड्रमर अल जॅक्सन ज्युनियर कृष्णवर्णीय. गिटारवाला स्टीव्ह क्रॉपर आणि बेसवाला डोनाल्ड ‘डक’ डन गोरे. ज्या शहरात वर्णभेद रोजच्या जगण्यात होता, तिथे ही मंडळी एका खोलीत बसून वाजवत होती. मांडणीत आयझॅक हेज यांचा हात होता.

सुरुवातीला ब्रासचा छोटा तुकडा. मग अगदी मोकळी जागा: संथ आवाज, मागे ऑर्गन. थोड्या वेळाने अल जॅक्सन घड्याळाच्या टिकटिकीसारखा ठोका धरतो. मग एकेक वाद्य आत येतं, जोर चढत जातो आणि शेवटी ओटिस शब्द तोडून, तेच तेच तुकडे पुन्हा फेकत, प्रार्थनासभेतल्या प्रवचनकारासारखा गातो. हा शेवटचा भाग 1932 च्या छापील गाण्यात नाहीच. म्हणजे लोकांना जे ‘ओटिसचं गाणं’ म्हणून आठवतं, ते बऱ्याच अंशी कागदाच्या बाहेरचं आहे.

वंशावळ कशी लावायची?

मराठी विद्यार्थ्यांना पाठचिकित्सा नवी नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली, तेव्हा हस्तलिखितांचे गट पाडले. त्यामागचं एक साधं तत्त्व असं: दोन प्रतींत एकच नवा, मूळचा नसलेला बदल दिसला, तर त्या बहुधा एकाच शाखेच्या.

हेच इथे लावून बघा. थ्री डॉग नाइट या रॉक बँडने 1969 मध्ये हे गाणं अमेरिकेच्या यादीत 29 व्या क्रमांकापर्यंत नेलं. 1991 च्या ‘द कमिटमेंट्स’ सिनेमात डब्लिनच्या कामगार वस्तीतला बँड तेच गातो. दोन्हीकडे संथ सुरुवात, चढत जाणारा ठोका, शेवटचा आरडाओरडा. यातलं काहीही क्रॉस्बीच्या रेकॉर्डिंगमध्ये नाही. म्हणजे कागदावर या दोन्ही आवृत्त्या 1932 च्या गाण्याच्या असल्या, तरी कानाने तपासलं तर त्या 1966 च्या शाखेतल्या ठरतात. ओटिसची ‘नक्कल’ पुढच्यांसाठी ‘मूळ’ झाली.

जरा जपून: संदर्भ म्हणजे पुरावा नव्हे

गाण्याचा विषय असा: बाई दमली आहे, तोच जुना कपडा रोज घालते आहे, तिच्याशी जरा मायेने वाग. 1932-33 म्हणजे महामंदी. अमेरिकेत कामकरी लोकांपैकी साधारण चौथा हिस्सा बेकार. त्या काळात जुन्या कपड्याचा अर्थ श्रोत्याला समजावून सांगावा लागत नव्हता.

आता 1966. नागरी हक्क कायदा 1964 चा, मतदान हक्क कायदा 1965 चा. जॉर्जियातला कृष्णवर्णीय तरुण दमलेल्या बाईबद्दल गातो आहे. लगेच लिहावंसं वाटतं: ‘ओटिसने या गाण्यातून वर्णभेदाचा निषेध केला.’ थांबा. काळ जुळला म्हणून हेतू सिद्ध होत नाही. त्यासाठी मुलाखत, पत्र, सहकाऱ्याची साक्ष असं काहीतरी हवं. तसं हाती नसेल, तर एवढंच म्हणता येतं की तेच शब्द वेगळ्या आवाजात, वेगळ्या श्रोत्यांसमोर गेले आणि त्यांच्या अर्थाला नवी जागा मिळाली. विधान छोटं झालं, पण व्हायव्हात टिकेल.

पैसा कुठे गेला ते बघा

आता मुख्य मुद्दा. ‘गाणं कोणाचं’ हा रसिकांचा वाद वाटतो, पण त्यावर पैसा ठरतो.

अमेरिकन कायद्यात गाण्याची रचना आणि तिचं रेकॉर्डिंग या दोन वेगळ्या मालमत्ता आहेत. रेकॉर्डिंगला केंद्रीय कॉपीराइटचं संरक्षण मिळालं ते 15 फेब्रुवारी 1972 पासून. नेहमीच्या रेडिओवर गाणं वाजलं की रचनाकार आणि प्रकाशकाला मानधन मिळतं. गायक-वादकांना आजही मिळत नाही. विक्रीतला वाटा करारानुसार, तो वेगळा. म्हणजे ओटिसचं रेकॉर्डिंग तिथल्या रेडिओवर वाजलं की पैसे 1932 च्या कागदाचे. अल जॅक्सनच्या त्या ठोक्याचे शून्य.

2011 मध्ये जे-झी आणि कान्ये वेस्ट यांनी ओटिसच्या आवाजाचा तुकडा घेऊन एक गाणं केलं. नावच ‘ओटिस’. सहगायक म्हणून त्याचं नाव आहे. पण रचनाकारांच्या यादीत वुड्स, कॅम्पबेल आणि कॉनेली आहेत, ओटिस नाही.

उलट बाजूनेही तपासा

इथे ‘ओटिसवर अन्याय झाला’ म्हणून निबंध संपवता येईल. पण चांगला संशोधक आपल्याच मुद्द्याच्या विरुद्ध उदाहरण शोधतो. ते ओटिसच्याच आयुष्यात आहे. ‘रिस्पेक्ट’ हे गाणं त्याने 1965 मध्ये स्वतः लिहून गायलं. 1967 मध्ये अरेथा फ्रँकलिनने ते बाईच्या तोंडी घातलं, नवे तुकडे जोडले आणि ते स्त्रियांच्या स्वाभिमानाचं गाणं झालं. तिथे रेडिओचं मानधन ओटिसच्या बाजूला जाणार, अरेथाच्या नाही. म्हणजे प्रश्न एका माणसाच्या नशिबाचा नाही. लिहिलेल्या कागदाला ‘कृती’ मानायचं आणि वाजवलेल्या, गायलेल्या कामाला ‘सादरीकरण’ मानायचं, या व्यवस्थेचा आहे.

ओटिस 10 डिसेंबर 1967 ला विमान अपघातात गेला, वय 26. त्याच वर्षी जूनमध्ये मॉन्टेरेच्या महोत्सवात त्याने आपल्या कार्यक्रमाचा शेवट याच गाण्याने केला होता.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

तुमचा विषय गाणं असो, नाटक असो की पाककृतीचं पुस्तक, तीन कामं करा. एक, ‘मूळ’ मिळालं तरी पुढच्या प्रत्येक आवृत्तीला तिच्या काळाचं स्वतंत्र साधन माना. दोन, कोण कोणाचं पाहून करत होतं हे सांगताना दाखवता येईल असा समान बदल द्या. तीन, आणि हे सर्वांत महत्त्वाचं: आपला डेटा-तक्ता बनवताना ‘लेखक’ या रकान्याशेजारी ‘प्रत्यक्ष काम कोणी केलं’ असा एक रकाना ठेवा. तो सुरुवातीला बराचसा रिकामा राहील. कॅटलॉग, करार आणि कायदा ज्यांची नावं लिहितात, त्यांचाच इतिहास आपण नकळत लिहीत असतो. त्या रिकाम्या रकान्यातली नावं शोधणं हाच अनेकदा पीएचडीचा विषय निघतो.