दहा दिवसांचे शिबीर की निवासी धम्मविद्यालय? बाबासाहेबांनी दोन्ही मागितले होते!

आपल्या चळवळीत एक वाद वर्षानुवर्षे चालू आहे. एक बाजू म्हणते, धम्म सांगणारा माणूस घडवायचा असेल तर त्याला काही वर्षे घरापासून दूर, विहारात ठेवून शिकवले पाहिजे. दहा दिवसांच्या श्रामणेर शिबिरातून काय निष्पन्न होणार? दुसरी बाजू म्हणते, नोकरी आणि संसार सांभाळणारा बौद्धाचार्य नसता तर वाडीवस्तीवर धम्म पोचलाच नसता. गंमत अशी की दोन्ही बाजू बाबासाहेबांचेच नाव घेतात. मग त्यांनी नेमके काय मागितले होते, हे एकदा इतिहासात जाऊन पाहू या.

आधी जमिनीवरची स्थिती. देवगड तालुक्यातले जामसंडे घ्या. या भागातल्या बौद्धवाड्यांमध्ये मे महिना म्हणजे लग्नसराई. मुंबईचे चाकरमानी गावी येतात आणि एका दिवसात दोन-तीन मंगल परिणय असतात. नामकरण, गृहप्रवेश, जलदान विधी हे वर्षभर चालूच. हे सगळे कोण पार पाडतो? भिक्खू नव्हे. पांढऱ्या कपड्यातला बौद्धाचार्य. तो शिक्षक असतो, एस.टी.त कामाला असतो, बागेत मजुरी करतो किंवा निवृत्त झालेला असतो. कोकणात धम्म टिकला तो या माणसाच्या पायपिटीवर. हे ऋण मान्य केल्याशिवाय पुढचे बोलण्याचा कुणालाही अधिकार नाही.

आता बाबासाहेब. 1936 च्या ‘जातिप्रथेचे निर्मूलन’मध्ये त्यांनी पुरोहितशाहीवर घाव घातला. पुरोहितपद वंशपरंपरेने मिळता कामा नये. परीक्षा घ्यावी, सनद द्यावी, संख्या कायद्याने ठरवावी, चुकला तर त्याच्यावर कारवाई व्हावी, अशी त्यांची मागणी होती. म्हणजे धर्मकार्य करणाऱ्याची पात्रता जन्मावरून नव्हे, तर शिक्षणावरून ठरावी, हे सूत्र धर्मांतराच्या वीस वर्षे आधीच मांडले गेले होते.

1950 साली महाबोधी सोसायटीच्या मासिकातल्या लेखात त्यांनी हेच माप भिक्खू संघाला लावले. भिक्खू फार आहेत, पण त्यांच्यात ना विद्या ना सेवा, असे त्यांनी परखडपणे लिहिले. थोडे पण उच्चशिक्षित भिक्खू हवेत. ख्रिस्ती धर्मगुरूंकडून, विशेषतः जेझुइटांकडून शिकावे, असा त्यांचा सल्ला होता. शाळा आणि दवाखाने चालवणारा धर्मोपदेशक त्यांना हवा होता. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’च्या प्रस्तावनेतही हाच प्रश्न आहे: भिक्खू म्हणजे स्वतःपुरता परिपूर्ण माणूस की समाजसेवक? पहिला असेल तर तो धम्मप्रसाराच्या कामाचा नाही, असे त्यांचे उत्तर होते.

सर्वांत महत्त्वाचा कागद 1954 चा आहे. रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेच्या सुमारास त्यांनी ब्रह्मदेशाच्या बुद्ध सासन कौन्सिलला एक निवेदन दिले. भारतात बौद्ध धम्म पुन्हा उभा करायचा तर काय लागेल, याची ती यादी होती. तीत दोन मागण्या लागोपाठ येतात. पहिली, गृहस्थ धम्मप्रचारक नेमावेत. ते विवाहित असले तरी चालतील, सुरुवातीला अर्धवेळ काम करतील, पण त्यांना वेतन मिळाले पाहिजे. त्यांनी नवदीक्षितांकडे लक्ष ठेवावे. दुसरी, प्रचारक होऊ इच्छिणाऱ्यांसाठी एक धम्मविद्यालय स्थापावे. तिथे बौद्ध धम्मासोबत इतर धर्मांचाही तौलनिक अभ्यास व्हावा. शिवाय दर रविवारी विहारात सामुदायिक वंदना आणि प्रवचन.

वाद इथेच मिटायला हवा होता. अर्धवेळ प्रचारक ‘किंवा’ विद्यालय, असे बाबासाहेबांनी म्हटलेच नाही. प्रचारक गृहस्थ असेल, पण अर्धशिक्षित नसेल. आणि तो फुकट राबणार नाही.

4 मे 1955 रोजी भारतीय बौद्ध महासभा स्थापन झाली. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बाबासाहेबांनी भदंत चंद्रमणी यांच्याकडून दीक्षा घेतली आणि त्यानंतर लाखो लोकांना स्वतः दीक्षा दिली. एका गृहस्थाने धम्मदीक्षा देणे ही परंपरेला छेद देणारी घटना होती. आपला पहिला बौद्धाचार्य कोण, असे कुणी विचारले तर उत्तर त्या दिवसात आहे. पण 6 डिसेंबरला बाबासाहेब गेले. लाखोंचा समाज बौद्ध झाला आणि त्याला शिकवणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकी. पुढे भय्यासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली महासभेने श्रामणेर शिबिरे आणि बौद्धाचार्य ही घडी बसवली. कोकणात बौद्धजन पंचायत समितीच्या गावशाखांनी संस्काराचे काम उचलले. ती त्या काळाची गरज होती. पण योजनेचा पहिला भाग तेवढा उभा राहिला, तोही वेतनाशिवाय. दुसरा भाग, म्हणजे गावोगावच्या प्रचारकांना शिकवणारे विद्यालय, मागेच राहिले.

बाबासाहेबांनी ख्रिस्ती अनुभवाकडे बोट दाखवले होते, म्हणून तोही तपासून पाहू. तिथेही नेमका हाच वाद आहे. अमेरिकेतल्या मिसुरी सिनॉड या लुथरन चर्चने 2007 मध्ये एक पर्यायी वाट मंजूर केली. पाळक म्हणजे पाद्री होऊ पाहणारा माणूस आपल्याच मंडळीत काम करता करता शिकेल, अशी ही वाट. निवासी सेमिनरीच्या बाजूचे लोक म्हणतात, यामुळे पाळकाची विद्या उथळ होईल. पर्यायी वाटेची मूळ कल्पना मात्र ग्वाटेमालातून आली. तिथल्या प्रेस्बिटेरियन सेमिनरीला दिसले की शहरात शिकलेले तरुण खेड्यात परतत नाहीत. खेड्यातले खरे पुढारी शेती आणि संसार सोडून येऊ शकत नाहीत. म्हणून 1963 पासून विद्यार्थ्याला सेमिनरीत आणण्याऐवजी शिक्षकच विद्यार्थ्याकडे जाऊ लागला. घरी अभ्यास, ठरल्या दिवशी एकत्र वर्ग, मग परीक्षा. 1971 मध्ये ही पद्धत बंगळुरूत आली.

पण लुथरन इतिहासातला आपल्यासाठी खरा धडा त्याहून जुना आहे. 1706 मध्ये तमिळ किनाऱ्यावर तरंगंबाडीला लुथरन मिशन आले. 1733 मध्ये आरोन हे पहिले भारतीय लुथरन पाळक झाले. ते वेल्लाळ जातीचे. त्याच काळात तंजावर भागात राजनायकन नावाचे एक उपदेशक होते. ते पूर्वी सैनिक होते, परैयार म्हणजे अस्पृश्य जातीचे. त्यांच्या कामामुळे अनेक लोक मिशनमध्ये आले. पुढचा पाळक नेमायची वेळ आली तेव्हा त्यांचे नाव पुढे होते. पण अस्पृश्याच्या हातून उच्चजातीय ख्रिस्ती प्रभुभोजन घेणार नाहीत, या भीतीने ते मागे ठेवले गेले आणि 1741 मध्ये पुन्हा एका वेल्लाळाला, दिओगो यांना दीक्षा मिळाली. राजनायकन यांची अडचण शिक्षणाची नव्हती, जातीची होती. म्हणून प्रशिक्षण कुठे द्यायचे याच्या आधी विचारायचा प्रश्न हा: दारातून आत कोणाला घेतले जाते आणि कोण बाहेर राहते?

हा प्रश्न आपल्यालाही लावा. चार वर्षांची निवासी सक्ती केली तर जामसंड्याचा बागेत राबणारा कार्यकर्ता बाहेर राहील. घर सांभाळणारी उपासिका तर त्याहून आधी बाहेर राहील. आणि फक्त दहा दिवसांचे शिबीर पुरेसे मानले तर काय होईल? गाथा पाठ असलेला, पण अर्थ न सांगू शकणारा माणूस तयार होईल. जलदान विधीला एखाद्या पोराने विचारले, “काका, पाणी का ओतायचं? हे तेरावंच नाही का?” तर उत्तर देता आले पाहिजे. ते येत नसेल, तर भटजी गेला आणि त्याच्या जागी पांढऱ्या कपड्यातला भटजी आला, एवढाच बदल झाला. यात दोष त्या बौद्धाचार्याचा नाही, त्याला शिकवण्याची सोय न करणाऱ्या आपल्या सगळ्यांचा आहे.

मार्ग 1954 च्या कागदातच आहे. शिबीर ही सुरुवात मानावी, शेवट नव्हे. त्यापुढे तालुक्याच्या ठिकाणी दोन वर्षांचा अभ्यासवर्ग असावा: महिन्यातून दोन रविवार, घरी वाचन, पाली, ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’, तौलनिक धर्म, संविधान आणि शेवटी परीक्षा. सनदेला मुदत असावी. स्त्रियांना समान प्रवेश आणि विधी लावण्याचा समान अधिकार असावा. प्रवासखर्च आणि मानधन गावशाखेने द्यावे. आणि या वर्गांना शिकवणारे शिक्षक घडवण्यासाठी निवासी विद्यालय हवे. नागपूरच्या नागलोकमध्ये 2002 पासून नागार्जुन प्रशिक्षण संस्था अनेक राज्यांतल्या तरुण-तरुणींना निवासी शिक्षण देते आहे. म्हणजे हे अशक्य नाही.

आपण विहारांच्या इमारतींसाठी वर्गणी काढतो, ती काढूच. पण त्या इमारतीत रविवारी उभे राहून बोलणाऱ्या माणसाच्या शिक्षणासाठी वर्गणी कधी काढणार? पुढच्या मे महिन्यात गावी जाल, तेव्हा वार्षिक सभेत हा एक विषय पत्रिकेवर घ्यायला लावा.

जयभीम! नमो बुद्धाय!